नागपूरहून कोकणात ग्रॅव्हल (कच्च्या वाटांवरचं सायकलिंग): कोल्हापूरमार्गे उतरा, सड्यांवरून फिरा (मार्ग, टायर, पार्सल, भरती-ओहोटी)

संत्रागाव_सायकल

हिवाळा आला की आपल्या गटात कोकणाचा विषय निघतोच, आणि दरवेळी चर्चा "मुंबईला उतरू, रो-रोने मांडवा, तिथून अलिबाग-मुरुड" इथेच सुरू होते. डांबरी सायकलिंगला तो मार्ग ठीक आहे. ग्रॅव्हलला नाही. अलिबागकडे शनिवार-रविवारी गाड्यांची रांग असते आणि रस्ता जवळपास सगळा डांबरी.

नागपूरकरांसाठी सोयीचं दार कोल्हापूर आहे. गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्सप्रेस थेट जाते. कोल्हापूर शेवटचं स्थानक असल्याने ब्रेकव्हॅनमधली (गाडीच्या सामानाच्या डब्यातली) सायकल घाईत राहून जायची भीती नसते. कोकण रेल्वेच्या मधल्या स्थानकांवर गाडी दोन-तीन मिनिटं थांबते. तेवढ्यात व्हॅन उघडून चार सायकली उतरतील याची खात्री कुणी देत नाही.

कच्चा आराखडा असा:

कोल्हापूर – कळे – बाजारभोगाव – अणुस्कुरा घाट – पाचल – राजापूर.
राजापूर – बारसूचा सडा (कातळाचं उघडं पठार) – जैतापूरची बाजू.
तिथून विजयदुर्गची खाडी आतल्या अंगाने वळसा घालून ओलांडायची, पडेल कॅन्टीन (हे ठिकाणाचंच नाव), देवगड.
देवगड – मिठमुंबरी पूल – कुणकेश्वर – मिठबाव – आचरा – मालवण.
मालवण – कसाल – कणकवली – फोंडाघाट.
फोंडा घाट चढून दाजीपूर – राधानगरी – कोल्हापूर.

सहा दिवस सायकलवर, एक दिवस हाताशी राखीव, शिवाय रेल्वेचे दोन. पहिला दिवस लांब आहे. जमत नसेल तर घाटाच्या अलीकडे मुक्काम करा आणि सकाळच्या उजेडात उतरा. बाजारभोगावच्या पुढे दुकानं विरळ, त्यामुळे पाणी-खाणं तिथेच भरायचं.

यात सलग ग्रॅव्हल कुठेच नाही. कोकणात ते तसं मिळतही नाही. तीन-चार किमीचा कातळ, मग वाडीचा डांबरी रस्ता, मग चिरेखाणीची (जांभा दगडाच्या खाणीची) लाल वाट, असे तुकडे जोडत जायचं.

गोरेवाडा_लूप

आंबा घाट काऊन नाही भाऊ? रत्नागिरीला थेट उतरतो, रस्ताही मोठा.

संत्रागाव_सायकल

मोठा आहे म्हणूनच नको. आंबा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, ट्रक आणि एसट्या. अणुस्कुऱ्याला वाहतूक फार कमी. दुसरा पर्याय गगनबावडा. कोल्हापूरपासून साधारण ५५ किमी, तिथून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट फुटतात. करूळ वैभववाडीला जातो, भुईबावडा खारेपाटणच्या बाजूला. सायकलला भुईबावडा बरा, अरुंद आणि शांत. पण बारसूचा सडा पाहायचा असेल तर अणुस्कुराच जवळचा. निघण्याआधी घाट चालू आहे का हे कोल्हापुरात विचारून घ्या. पावसात दरड आली की दुरुस्ती हिवाळ्यापर्यंत चालते.

राजापूरकर_हल्ली_नागपूर

आराखडा चांगला आहे. फक्त चढाच्या हिशोबात नागपूरची मंडळी नेहमी चुकतात. तुम्ही घाट मोजता. घाट एकदाच येतो आणि जाताना तर तो उतारच आहे. माणूस दमतो तो खाड्यांनी.

आमच्याकडची रचना बघा. खाडी समुद्रसपाटीला, तिच्या दोन्ही काठांना सडा, सड्याची उंची शंभर-दीडशे मीटर. पूल किंवा तर (होडीने पलीकडे जायची जागा) खाली, गाव उतारावर, पुढचा रस्ता पुन्हा सड्यावर. प्रत्येक खाडीला तेच. साठ किमीच्या दिवसात सगळ्यात उंच जागा दीडशे मीटरची असते आणि एकूण चढाई तरी हजार मीटरच्या आसपास भरते. घाटातला चढ सहा-सात टक्के, एका लयीत. खाडीतून वर येणारा वाडीचा रस्ता बारा-पंधरा टक्के, तोही वळणावर, उभा.

म्हणून गिअर आधी बघा. पुढच्या चकतीला ३० दात, मागे ३४ असतील तर गुणोत्तर ०.८८. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी ७ किमी. सामानासकट १२ टक्के चढाला हे जेमतेम पुरतं. पुढे एकच ४० दातांची चकती आणि मागे ४२ असेल तर ०.९५, म्हणजे उभं राहून रेटावं लागेल, आणि सुट्या खड्यावर उभं राहिलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं.

डावा_पेडल

म्हणजे जुनी तीन चकत्यांची हायब्रीड बरी म्हणायची! पुढे २८, मागे ३२-३४.

राजापूरकर_हल्ली_नागपूर

चढाला निश्चित बरी. चिमट्यात (चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये) ४० मिमीचा टायर बसत असेल तर तीच आणा, नवीन घेऊ नका. टायरच्या दोन्ही बाजूंना चार-पाच मिमी मोकळी जागा हवी. त्याहून कमी असली तर लाल चिखल अडकून चाक थांबतं.

मुरूम_मास्तर

पृष्ठभागाबद्दल लिहितो, कारण नागपूरचा सराव इथे अर्धाच कामी येतो.

आपल्याकडे पेंच कालव्याच्या कडेचा रस्ता किंवा उमरेडकडच्या शिवारवाटा म्हणजे मुरूम. खडा सुटा, चाकाखाली सरकणारा. पुढचं चाक वाहवतं, म्हणून आपण हवा कमी करतो आणि मूठ सैल ठेवतो. कोकणातला जांभा दगड उलटा. तो सुटत नाही. लोहयुक्त कवच आहे ते, भोकाभोकांचं, कडक, कडा धारदार. सायकल घसरत नाही, ती थरथरते. दहा किमीनंतर मनगटं बोलायला लागतात आणि बोल्ट ढिले होतात.

तीन गोष्टी बिघडतात. बाटलीच्या पिंजऱ्याचे आणि कॅरिअरचे एम-५ बोल्ट सुटतात. निघण्याआधी काढून निळा थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा गोंद) लावा आणि पिंजऱ्याचे ५ न्यूटन-मीटरला आवळा. रोज संध्याकाळी हाताने तपासा. दुसरं, टायरची कड. आपल्याकडे बाभळीचा काटा आणि गोखरू तळातून शिरतात, तिथे सीलंट (टायरमध्ये भरायचं, भोक बुजवणारं द्रव) काम करतं. जांभ्याची धार टायरची बाजू चिरते आणि अर्ध्या सेंटिमीटरहून मोठी चीर सीलंट भरत नाही. जुन्या टायरचा सहा-सात सेमीचा तुकडा कापून जवळ ठेवा, आतून लावायला. तिसरं रिम. हवा कमी ठेवून कातळाच्या कडेवर आपटलं की रिमला पोचा येतो.

म्हणून ७० किलोचा माणूस, ४० मिमी ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) टायर, हलकं सामान: पुढे ३३, मागे ३७ पीएसआय. नागपूरच्या मुरमावर तोच माणूस २८-३० वर चालवेल. ४५ मिमी असेल तर दोन्हीकडे चार-पाच कमी. ट्यूब असेल तर चार-पाच जास्त, नाहीतर सापाच्या दातासारखी दोन भोकं पडणार.

चेनवाली

सीलंट कधी भरायचं तेही सांगा ना दादा. उन्हाळ्यात भरलेलं हिवाळ्यात चालेल असं समजणारे खूप आहेत.

मुरूम_मास्तर

नाही चालत ताई. बाटलीवर दोन-तीन महिने लिहिलेलं असतं, पण नागपूरच्या मे महिन्यात त्याहून आधीच आत सुकून रबराची पापडी होते. व्हॉल्व्हचा गाभा काढून आत बारीक काडी घाला. ओली निघाली तर शिल्लक आहे. निघण्याच्या आठवडाभर आधी जुनी पापडी काढून ४० मिमीच्या टायरात प्रत्येकी ६० मिली नवीन घाला. आदल्या दिवशी नको. गळत असेल तर कळायला चार दिवस लागतात.

चेनवाली

धन्यवाद. आता पार्सलबद्दल माझ्याकडून, कारण इथे लोक सायकल उघडीच नेतात आणि मग डिरेलर (चेन गिअरवर सरकवणारा भाग) वाकला म्हणून धागा काढतात.

दोन्ही चाकं काढलेल्या सायकलची पिशवीसुद्धा डब्यात न्यायच्या मापात बसत नाही. रेल्वेचं माप १०० × ६० × २५ सेमी आहे. तेव्हा ब्रेकव्हॅन. तिकीट घेऊन लगेज बुकिंगच्या खिडकीवर गाडीच्या किमान दोन तास आधी पोचा. नियमात वेळ कमी लिहिली आहे, पण वजन, पावती, चिठ्ठी चिकटवणं यात ती पुरत नाही.

बांधणी: पेडल काढा. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की सुटतं. हँडल सैल करून नळीला समांतर वळवा. मागचा डिरेलर हँगरवरून (तो ज्या पट्टीवर बसतो तिथून) सोडून चेनसकट फडक्यात गुंडाळा आणि मागच्या त्रिकोणाच्या आत बांधा. एवढं केलंत तर ऐंशी टक्के नुकसान टळतं. पुढचं चाक काढलं असेल तर चिमट्याच्या दोन टोकांमध्ये लाकडाचा तुकडा घट्ट बसवा. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठा. चाक नसताना कुणी लिव्हर दाबला की पिस्टन बाहेर येतात आणि कोल्हापूरच्या फलाटावर पॅड उघडत बसावं लागतं. रोटर (ब्रेकची चकती) काढता येत असेल तर काढून कपड्यांत ठेवा. वरून बबल रॅप, त्यावर गोणपाट, सुतळीने शिवलेलं. दोन्ही बाजूंना मार्करने "नागपूर ते कोल्हापूर" आणि नाव.

दिवे, कॉम्प्युटर, पंप, वरच्या पिशव्या सायकलवर ठेवू नका. ते डब्यात, स्वतःजवळ.

गोरेवाडा_लूप

हँगर जास्तीचा न्यावा का?

चेनवाली

न्यावाच. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, कोल्हापुरात किंवा रत्नागिरीत तुमचाच मिळेल असं धरून चालू नका. कोकणातल्या वाडीत मिळतं ते मोटरसायकलचं पंक्चरचं दुकान. तिथला कॉम्प्रेसर तुमच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला लागत नाही, त्यामुळे दहा-वीस रुपयांचा पितळी अडॅप्टर किल्लीच्या कडीत अडकवून ठेवा. शिवाय तुमच्या गिअरच्या संख्येला जुळणाऱ्या दोन क्विक लिंक (चेन जोडायच्या कड्या), ब्रेक पॅडचा एक जोड, एक ट्यूब. बास.

डावा_पेडल

पॅड कुठले? रेझिन की मेटल?

मुरूम_मास्तर

अणुस्कुऱ्यात पाच-सहाशे मीटर एका दमात खाली येणार, सामानासकट. मेटल. आवाज करतात, पण तापल्यावर पकड सोडत नाहीत आणि लाल मातीच्या पाण्यात रेझिनइतके लवकर झिजत नाहीत. मात्र रोटरवर "फक्त रेझिन" कोरलेलं असेल तर मेटल लावायचे नाहीत, रोटर खलास होतो. पॅडचा मसाला अर्ध्या मिमीवर आला की बदला. उतरताना ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाआधी जोरात दाबून वेग मोडा, मग सोडा, म्हणजे रोटरला हवा मिळते. केबलवाल्या डिस्कला घाटाच्या मध्यावर थांबून बॅरल अ‍ॅडजस्टर (केबल ताणायचा स्क्रू) अर्धा-एक फेरा फिरवावा लागतो, कारण पॅड झिजला की लिव्हर हँडलला टेकतो.

राजापूरकर_हल्ली_नागपूर

सड्यावरच्या वाटांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, ते कुठल्या नकाशात सापडत नाही.

सॅटेलाइट चित्रात सडा म्हणजे मोकळं मैदान दिसतं, वाटेल तिथून जाता येईल असं. प्रत्यक्षात त्याचे तुकडे पाडलेले असतात. चिऱ्याचे गडगे (दगडी बांध), आंब्याच्या बागांची कुंपणं, चिरेखाणी. खाण म्हणजे जमिनीत सरळ कापलेला चौकोनी खड्डा, दोन-तीन पुरुष खोल, काठाला कठडा नाही. संध्याकाळी तिरप्या उन्हात तो दिसत नाही. सड्यावर अंधार पडल्यावर सायकल चालवू नये, एवढा एक नियम कडक पाळा. खाणीची वाट बरी असते कारण ट्रकने दाबलेली असते, पण तीत लाल पिठासारखी धूळ असते आणि ट्रक आला की पाच मिनिटं काही दिसत नाही. बाजूला उभं राहा.

बागेच्या वाटेवर बेडं (आडव्या दांड्यांचं फाटक) लावलेलं असेल तर ती खाजगी वाट. आत माणूस असेल तर विचारा, बहुतेक जण जाऊ देतात. जाताना बेडं होतं तसं लावा, नाहीतर गुरं आत शिरतात. मोहोराच्या दिवसांत बागेत फवारणी चालते, तेव्हा पाईप आडवे असतात आणि वास घेत थांबण्यात अर्थ नाही. मार्चनंतर राखणदार असतात, तेव्हा तर नकोच.

पाखाडी लागली तर सायकल उचला. ती पायऱ्यांचीच असते, "चालवता येते का बघू" म्हणणाऱ्याचं पुढचं चाक तिसऱ्या पायरीवर जातं. पाणंद मात्र चालवण्यासारखी, दोन गडग्यांमधून, सावलीची. फक्त पाला पडलेला असतो आणि पाल्याखाली गोटे.

आणि कातळशिल्पं. बारसू, देवाचं गोठणं, कशेळी, देवीहसोळ ही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत. ज्या कातळावर तुम्ही टायरची हवा तपासत उभे आहात त्याच कातळावर ती कोरलेली आहेत, आणि दुपारी उभ्या उन्हात रेघा दिसत नाहीत. कशेळीचा हत्ती एवढा मोठा आहे की जवळून हत्ती आहे हेच कळत नाही. कडेला चिऱ्यांची रांग किंवा रंगाची खूण दिसली की सायकल बाहेर ठेवून चालत जा. सकाळी लवकर किंवा साडेचारनंतर पोचलात तर सावलीमुळे सगळं उठून दिसतं.

संत्रागाव_सायकल

हे छान सांगितलंत. पाण्याचं काय? सड्यावर विहीर वगैरे?

राजापूरकर_हल्ली_नागपूर

वर काही नाही. पाणी खाली वाडीत. पावसात कातळावर साचलेली तळी नोव्हेंबरअखेर आटतात. माणशी तीन लिटर घेऊनच सडा चढायचा.

आणि नागपूरकरांनो, "आम्ही ४५ अंशात चालवतो" हे इथे सांगू नका. तुमच्याकडे घाम वाळतो म्हणून अंग थंड राहतं. कोकणात ३२ अंशात घाम अंगावरच राहतो, वाळत नाही, म्हणून शरीर आणखी घाम काढतं. मीठ जातं आणि दुपारी पोटऱ्यांत गोळे. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच घाला, "कडक" करायला अर्ध्या लिटरमध्ये नको. अकरा ते साडेतीन सावलीत.

गोरेवाडा_लूप

समजलं बाप्पा, समजलं. बीचवरून चालवायचं असेल तर? देवगड-मालवण पट्ट्यात लांब किनारे आहेत.

राजापूरकर_हल्ली_नागपूर

ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर, ४० मिमीलाही जमतं. वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी.

डावा_पेडल

पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा येतात, पण तेव्हा भरती बाराच्या सुमाराला असते ना?

राजापूरकर_हल्ली_नागपूर

बरोबर, ढोबळ रीत आहे, पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो. मासे मारणाऱ्याला एकदा विचारून पक्कं करायचं. सायकलच्या दृष्टीने चतुर्थी-पंचमी उत्तम. पहाटे तीन-चारला भरती, म्हणजे सकाळी नऊ-दहाला पाणी पार मागे. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते आणि पाणी फारसं मागेही जात नाही, भांगाची (कमी उंचीची) भरती असते. पट्टा अरुंद राहतो, वर ऊन.

कोरड्या वाळूत, भरतीच्या रेषेच्या वर चाक घालू नका. एक तर रुततं, आणि दुसरं म्हणजे हिवाळ्यात कासवांची घरटी तिथेच असतात. जाळी लावलेली दिसते ती कळते, न लावलेली कळत नाही.

चेनवाली

आणि किनाऱ्यावरून आल्यावर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवायची. जोराच्या पाईपने नाही, तांब्याने. जोराच्या धारेने बेअरिंगमधलं ग्रीस जातं. चेन पुसून, वाळवून, मग वेट ल्यूब (ओलसर राहणारं तेल), प्रत्येक कडीला एक थेंब, दहा मिनिटांनी बाहेरचं पुसून टाका. पुसलं नाही तर लाल धूळ त्यात बसून घासण्याची पेस्ट तयार होते आणि एका सहलीत चेन संपते. नागपूरला चेनवर चालणारं मेण इथे नको, खाऱ्या हवेत रात्रीतून चेनला गंज येतो.

डावा_पेडल

सराव कुठे करायचा? आपल्याकडे चढ म्हणजे सेमिनरी हिल्स.

मुरूम_मास्तर

तीच. खाडीतून वर येणारा चढ छोटा आणि उभा असतो, त्यामुळे सेमिनरी हिल्स दहा-बारा वेळा वर-खाली हा सराव बरोबर बसतो. रामटेकचा गडाचा रस्ता त्याहून बरा, आणि खिंडसीकडून आलात तर थोडी कच्ची वाटही मिळते. सामान लादून करा, मोकळ्या सायकलवर केलेला सराव फसवतो. परतीच्या फोंडा घाटासाठी एकदा परतवाड्याहून चिखलदरा करा. गाव अकराशे मीटरच्या आसपास आहे. चढ लांब, आणि उतरताना ब्रेकची परीक्षाही होते. मेळघाट आहे, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत खाली.

संत्रागाव_सायकल

फोंडा घाटालाही तेच लागू. वर दाजीपूर म्हणजे राधानगरी अभयारण्य, गव्यांचं जंगल. आतल्या लाल वाटा नकाशावर मोहात पाडतात, पण परवानगीशिवाय शिरायचं नाही. मुख्य रस्त्यानेच जायचं. फोंडाघाट गावातून सकाळी सहाला निघालात तर चढ सावलीत होतो. रस्त्यावर गवा उभा असेल तर घंटी वाजवू नका, लांब थांबा, तो जातो.

गोरेवाडा_लूप

शेवटचं. पैसे रोख लागतात का? आणि जेवणाचं? मासे न खाणारे दोघं आहेत.

राजापूरकर_हल्ली_नागपूर

सड्याखालच्या वाड्यांत नेटवर्क जातं, फोनवरून पैसे देणं अडतं. माणशी दोन हजार रोख, तेही शंभरच्या नोटांत. शाकाहारी जेवण घरगुती ठिकाणी मिळतं, पण दुपारचं जेवण सकाळी दहाच्या आत फोन करून सांगा, ऐनवेळी भात-आमटी आणि लोणचं एवढंच निघेल. सावजीच्या तिखटाची सवय असलेल्यांनी सोलकढीला नावं ठेवू नयेत, दुपारी तीच तारते.

चेनवाली

परतीचं राहिलं. कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेस दुपारी सुटते, वेळ ताजी तपासा. म्हणून सहाव्या रात्री कोल्हापुरातच मुक्काम हवा, राधानगरीहून त्याच सकाळी येऊन पॅकिंग होत नाही. जाताना काढलेलं गोणपाट आणि लाकडाचा तुकडा स्टेशनजवळच्या लॉजवर ठेवायला सांगा, म्हणजे परतताना शोधाशोध नको. आणि नागपूर हे त्या गाडीचं शेवटचं स्थानक नाही, ती पुढे गोंदियाला जाते. गाडी थांबताच एकाने पावत्या घेऊन ब्रेकव्हॅनशी धावायचं, बाकीच्यांनी सामान उतरवायचं. हे आधीच ठरवून ठेवा.

डावा_पेडल

धावणारा मी. पावत्या माझ्याकडे द्या.